खाडीचा तळ, स्केटचं अंडं आणि आपलं पाकट

प्रश्न असा आला आहे: "मी कोपरखैरण्याला शाळेत विज्ञान शिकवतो. टास्मानियाच्या एका खाडीत राहणारा मॉजिअन स्केट तळाच्या पाण्यातला प्राणवायू कमी झाल्यामुळे संपत चालला आहे, असं वाचलं. स्केट म्हणजे आपलं पाकटच ना? ठाणे खाडीचं पाणीही खराब आहे. मग आपल्या पाकटाचंही तेच होणार का? आणि मुलांना घेऊन आम्हाला काही मोजता येईल का?"

आधी पहिल्या गैरसमजाचं पाहू. स्केट म्हणजे पाकट नव्हे. दोघे चपटे, दोघे तळाशी राहणारे, दोघांचा सांगाडा कूर्चेचा, आणि छातीचे पर डोक्याला जोडले जाऊन दोघांच्याही अंगाची चकती झालेली. त्यामुळे टोपलीत शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतील. पण स्केट अंडी घालतो आणि पाकट जिवंत पिल्लं देतं. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर या एका फरकात आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

ओळखायचं कसं? शेपटी पाहा. पाकटाची शेपटी चाबकासारखी निमुळती, तिच्यावर करवतीच्या दात्यांचा विषारी काटा. स्केटची शेपटी त्यामानाने जाड, पाठीवर आणि शेपटीवर वाकड्या काट्यांच्या ओळी, टोकाजवळ दोन छोटे पर. विषारी काटा त्याला नाही. शेपटीत एक दुबळा विद्युत अवयव मात्र असतो. नर-मादी ओळखणं दोघांतही सोपं: नराच्या मागच्या परांच्या आतल्या बाजूला बोटांसारखे दोन अवयव लोंबतात, मादीला ते नसतात.

श्वास दोघे एकाच पद्धतीने घेतात. तोंड खाली, चिखलाला टेकलेलं, म्हणून तोंडाने पाणी घेतलं तर कल्ल्यात गाळ जाईल. त्यासाठी डोळ्यांच्या लगेच मागे एकेक श्वासरंध्र असतं. वरून पाणी आत, खालच्या बाजूच्या कल्ल्यांच्या फटींतून बाहेर. जाळ्यातून नुकतंच काढलेलं पाकट होडीत पडलं असेल तर त्या रंध्रांची झडप उघडताना आणि मिटताना दिसते. ती हलत असेल तोवर ते वाचवता येतं.

आता अंडं. स्केटचं अंडं म्हणजे चामड्यासारखी चौकोनी पिशवी, चार कोपऱ्यांना चार शिंगं. आत बलक आणि एकच भ्रूण. (काही जातींत एकाहून जास्त असतात, पण ते अपवाद.) मादी ही पिशवी तळावर ठेवते आणि निघून जाते. सुरुवातीला पिशवी पूर्ण बंद असते. भ्रूण जरा मोठा झाला की शिंगांजवळच्या बारीक फटींतला चिकट पदार्थ विरघळतो आणि फटी उघडतात. मग भ्रूण आपल्या शेपटीचं टोक एका शिंगात घालतो आणि ती सतत वळवळवत ठेवतो. त्याने बाहेरचं पाणी एका फटीतून आत येतं, दुसरीतून बाहेर जातं. बाहेर येईपर्यंत अनेक महिने त्याचा हाच पंप चालू असतो. मॉजिअन स्केटच्या अंड्याला सुमारे सात महिने लागतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा फ्लॅपर स्केट हा स्केटांमधला सर्वांत मोठा. तो अडीच मीटरच्या वर जातो, त्याची पिशवी पाव मीटरएवढी आणि तिच्यातून पिल्लू यायला जवळपास दीड वर्ष लागतं.

या सात किंवा अठरा महिन्यांत पिशवीभोवतीचं पाणी बिघडलं तर आतल्या भ्रूणाला पळता येत नाही. शेपटी जोरात हलवणं एवढंच त्याच्या हातात. त्यासाठीही प्राणवायू लागतोच. म्हणजे स्केट वाचवायचा तर आधी तळाचं पाणी आणि तळाची जागा वाचवावी लागते. स्कॉटलंडने नेमकं हेच केलं. रेड रॉक्स आणि लाँगे या भागात फ्लॅपर स्केटची अंडी मोठ्या दगडगोट्यांच्या तळावर सापडली, तेव्हा २०२१ मध्ये तातडीने आणि २०२३ मध्ये कायमचं संरक्षण देऊन तिथे तळ खरवडणारी मासेमारी थांबवली. नुसती मोठ्या माशांची पकड बंद करून भागलं नसतं.

आता टास्मानियाचं मॅक्वारी हार्बर. मॉजिअन स्केट १९८८ मध्ये सापडला आणि २००७ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. खाऱ्या-गोड्या मिश्र पाण्यात कायम राहणारा स्केट म्हणून तो जगात एकटाच आहे. हार्बर सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं आणि समुद्राकडचं तोंड मात्र अरुंद आणि उथळ, हेल्स गेट्स नावाचं. नद्यांचं चहासारखं काळसर गोडं पाणी वर तरंगतं, समुद्राचं जड खारं पाणी खाली बसतं. भरती-ओहोटी एक मीटरच्याही आतली, त्यामुळे दोन थर ढवळले जात नाहीत. तळाला ताजं पाणी मिळतं ते नद्यांचा जोर कमी असताना आणि वारा-हवेचा दाब अनुकूल असताना. एरवी तळाचं पाणी कोंडून राहतं आणि त्यातला प्राणवायू हळूहळू वापरला जातो. त्यात सामन माशांच्या पिंजऱ्यांतून पडणारं खाद्य आणि विष्ठा यांची भर पडली. जुन्या तांब्याच्या खाणीचा गाळ किंग नदीतून १९९४ पर्यंत येतच होता, तो वेगळा.

मोठे स्केट मुख्यतः ६ ते १२ मीटर खोलीत राहतात, जिथे पाणी पुरेसं खारं आणि प्राणवायूही बरा. अंडी मात्र त्याहून खोल, म्हणजे नेमक्या बिघडलेल्या पाण्यात. २०१९ मध्ये वादळी वाऱ्याने खोलातलं प्राणवायू नसलेलं पाणी वर ढकललं, तेव्हा मोठेही सुटले नाहीत. टॅग लावलेल्या स्केटांपैकी बरेच त्या काळात मेले. २०१४ ते २०२१ या सात वर्षांत त्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. २०२३ च्या अखेरीस काही स्केट पकडून टाक्यांमध्ये आणले आणि २०२४ मध्ये टाकीत घातलेल्या अंड्यातून पहिलं पिल्लू निघालं. हार्बरच्या तळाला प्राणवायू मिसळण्याचा प्रयोगही सुरू झाला. २०२५ च्या सुरुवातीच्या मोजणीत प्रमाण पुन्हा २०१४ च्या जवळ आल्याचं आणि लहान स्केट वाढल्याचं दिसलं. चांगली बातमी आहे, पण अंड्यापासून प्रजननक्षम मासा व्हायला वर्षं लागतात. दोन वर्षांच्या आकड्यांवर प्रश्न मिटला असं कोणीही म्हणू नये.

ठाणे खाडी वेगळी आहे. सुमारे २६ किलोमीटर लांब, मुंबई बंदराकडे रुंद, वरच्या टोकाला अरुंद होऊन उल्हास खाडीला बारीकशी जोडलेली. खाडी उथळ आहे आणि आपल्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. एवढ्या ओढीने पाणी वरपासून खालपर्यंत ढवळलं जातं, त्यामुळे पावसाळा सोडला तर दोन थर टिकत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये गोडं पाणी वर येतं तेव्हा काही काळ थर पडतो, एवढंच. मॅक्वारीत तळ महिनोन्‌महिने कोंडलेला राहतो, इथे प्राणवायू दिवसातून दोनदा पडतो आणि दोनदा सावरतो.

पण सावरणं सगळीकडे सारखं नाही. वाशीच्या पुलाखाली भरतीला समुद्राचं पाणी पोचतं. ऐरोलीच्या वर मात्र तेच पाणी पुढे-मागे झुलत राहतं, आणि त्यातच ठाण्याचं सांडपाणी आणि टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातले नाले येऊन मिळतात. पाणी २८-३० अंशांचं, म्हणजे मॅक्वारीच्या दुपटीहून गरम. गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. खारेपणा ३० (किलोभर पाण्यात ३० ग्रॅम क्षार) असताना ही मर्यादा लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास आहे. त्यातच माशाची आणि जिवाणूंची गरज वाढते. ओहोटीच्या टोकाला वरच्या भागात पाणी काळं पडतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो आला म्हणजे तिथला प्राणवायू संपला असं समजा.

मग पाकट तग कसं धरतं? कारण त्याचं अंडं आईच्या पोटात आहे. बलक संपला की गर्भाशयाच्या आतल्या बारीक तंतूंतून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पिल्लू वाढतं. ओहोटीला वरचं पाणी खराब झालं तर मादी पिल्लांसकट खाली सरकते आणि भरतीबरोबर कोळंबी, चिंबोऱ्या, अळ्या खायला पुन्हा चिखलावर येते. स्केटच्या भ्रूणाला ही सोय नाही. म्हणून पाकटाला तळाच्या प्राणवायूचा फटका बसतो तो आडून: वरची चराईची जागा हातची जाते, ते थोड्या जागेत दाटतं आणि तिथे जाळी लागलेली असतात.

इथे पाकटाची खरी दुखरी नस येते. पिल्लं फार थोडी. आपल्याकडच्या छोट्या खवल्या पाकटांना एका वेळी एक-दोनच होतात. बोय किंवा निवटी हजारांनी-लाखांनी अंडी घालतात, एक वर्ष बिघडलं तरी पुढच्या वर्षी भरून काढतात. पाकटाला ते जमत नाही. शिवाय गाभण मादी जाळ्यात अडकली किंवा टोपलीत पडली की ताणाने पिल्लं वेळेआधी टाकते. होडीत पिल्लं दिसली म्हणून "हिचे दिवस भरले होते" असं समजू नका. बहुतेकदा तो गर्भपात असतो.

तेव्हा प्राणवायूइतकंच हातातलं काम म्हणजे सोडून देणं. बोकशी किंवा डोल जाळं उपसताना पाकट आलं तर ते शेपटीने उचलायचं नाही आणि श्वासरंध्रात बोटं घालायची नाहीत. चकतीच्या पुढच्या कडेखाली दोन्ही हात घालून, शेपटी स्वतःपासून लांब ठेवून, पाण्याला टेकवून सोडायचं. पोट फुगलेली मादी आली तर सगळं बाजूला ठेवून आधी तिला. पिल्लं पडली असतील आणि पोटाला बलकाची पिशवी लोंबत नसेल, हाताला चकती घट्ट लागत असेल, तर तीही पाण्यात. बलक लोंबत असेल तर ती जगत नाहीत. सोडलेलं पाकट लगेच पोहून गेलं नाही तरी घाबरू नका, ते तळाला बसून श्वास घेतं. काटा लागलाच तर जखम धुऊन, भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. विष उष्णतेने निकामी होतं आणि वेदना उतरते. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने घ्या, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत असेल तर तो ओढायचा नाही, तसाच ठेवून दवाखाना गाठायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन दोन्ही वेळी.

कायद्याचं थोडक्यात: सगळी पाकटं संरक्षित नाहीत. पण करवत मासे, काटेरी पाकट, मोठे गिटारफिश असे काही २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी वाढली आहे. करवत मासा आला तर तो विकणंही गुन्हा आहे. खरा स्केट मात्र तुमच्या जाळ्यात यायचा नाही. आपल्याकडचे स्केट, उदाहरणार्थ त्रावणकोर स्केट, केरळ किनाऱ्यापुढच्या खोल समुद्रात राहतात. मुंबईच्या एखाद्या किनाऱ्यावर मुलांना चामड्यासारखी अंड्याची पिशवी सापडलीच आणि तिला शिंगं नसतील, तर ती बांबू मुशीची (एका छोट्या शार्कची) असण्याची शक्यता जास्त.

आता मोजणीकडे. खाडीच्या पश्चिम काठावर ऐरोली ते वाशी पुलांच्या दरम्यान २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे नमुने घ्यायचे तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी आधी घ्या. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मुलांना आधी एकदा नेलंत तर उत्तम.

वेळ चुकली तर सगळी मेहनत वाया जाते. भरतीची वेळ कोळीवाड्यात तिथीवरून काढतात ती पद्धत मुलांना शिकवा: तिथीच्या आकड्याचं पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास भरती. ओहोटीचं टोक त्यापासून सहा तासांवर. खाडीत वर जाल तसा थोडा उशीर धरायचा. म्हणजे पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं टोक सकाळी साधारण सहा-सातला येतं. रात्रभर शेवाळाने प्राणवायू तयार केलेला नसतो, वर पाणीही सर्वांत कमी. सर्वांत वाईट आकडा मिळतो तो याच वेळी. दुपारी बाराला भरतीत नमुना घेऊन "खाडी ठीक आहे" म्हणणं ही नेहमीची चूक. उधाणाला एक दिवस आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) एक दिवस, दोन्ही दिवशी ओहोटी आणि भरती दोन्हींना, वरचं पाणी आणि तळापासून अर्ध्या मीटरवरचं पाणी, असे नमुने घ्या. ऐरोली पूल, वाशी पूल आणि दिवाळ्याची जेट्टी या तीन जागा पुरतात. उधाणाच्या ओहोटीला काठाला चिखल उघडा पडतो, म्हणून होडी मधल्या खोल पाण्यात हवी. त्या होडीत मुलं नकोत, फक्त मोठी माणसं.

तळाचं पाणी वर आणणं हा सगळ्यांत अवघड भाग. दगड बांधलेली बाटली खाली सोडून बूच ओढायचं, हे करू नका. पाणी आत शिरताना हवा बुडबुडत बाहेर जाते आणि नमुन्यात प्राणवायू मिसळतो. आकडा खोटा वाढतो, आणि पाणी जितकं वाईट तितका जास्त वाढतो. घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, आत ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली (पाण्यातला प्राणवायू तपासायची काचेची बाटली) उभी ठेवा. डबा बाटलीच्या किमान चौपट हवा. झाकणातून एक नळी थेट बाटलीच्या तळापर्यंत, दुसरी छोटी नळी झाकणालाच, हवा जायला. पाणी पहिल्या नळीने बाटलीत, बाटली भरून डब्यात असं वाहत जातं आणि बाटलीतलं पाणी तीनेकदा बदलतं. पहिलं हवा लागलेलं पाणी डब्यात जातं, शेवटचं शुद्ध पाणी बाटलीत राहतं. खाली नेताना दोन्ही नळ्या चिमट्याने बंद, खोली गाठली की दोरीने चिमटे सोडायचे.

रसायनं होडीतच घालायची, शाळेत परत आल्यावर नाही. मँगनस सल्फेट १ मिलि आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड १ मिलि, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन. सांडपाण्यातल्या नायट्राइटमुळे आकडा फुगतो, अझाइड ते थोपवतं, म्हणून साधं आयोडाइड चालणार नाही. अझाइड विषारी आहे, ते आणि आम्ल दोन्ही तुम्हीच हाताळा. बूच लावून बाटली उलटसुलट करा. काठावर आल्यावर मुलांना पाहू द्या: प्राणवायू असेल तर गाळ तपकिरी होतो, जितका जास्त तितका गडद. गाळ पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू नाही. ऐरोलीच्या वर ओहोटीला घेतलेली आणि दिवाळ्याला भरतीला घेतलेली बाटली शेजारी ठेवलीत तर फळ्यावर काही लिहायची गरज पडत नाही.

गाळ बसला की संहत सल्फ्युरिक आम्ल १ मिलि, गाळ विरघळून पिवळं पाणी होतं. त्यातलं २०१ मिलि मोजून घ्या आणि ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. रंग फिकट गवती झाला की स्टार्च घाला, आधी नाही. निळा रंग पहिल्यांदा गेला तोच शेवट. थोड्या वेळाने निळा परत येतो, तो सोडून द्या. या प्रमाणात जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितके लिटरला मिलिग्रॅम प्राणवायू. मीटर वापरत असाल तर त्यात खारेपणा भरला आहे ना ते पाहा. शून्य खारेपणावर ठेवलेला मीटर ३० खारेपणाच्या गरम पाण्यात १५ ते २० टक्के जास्त दाखवतो.

आकडे वाचताना: २ च्या खाली बहुतेक माशांना तग धरणं कठीण. संवेदनशील किनारी पाण्यासाठी आपल्याकडचा निकष किमान ५ आहे. एक आकडा काही सांगत नाही. ओहोटीचा आकडा भरतीला किती सावरतो, हा फरक महत्त्वाचा. भांगाच्या दिवशीही सावरला नाही, तर तिथला तळ मॅक्वारीच्या वाटेवर आहे असं म्हणायला जागा आहे.

याच्या जोडीला सारसोळे, दिवाळे, घणसोलीच्या कोळी बांधवांकडून पाकटाची वही ठेवून घ्या. तारीख, तिथी, कुठलं जाळं, किती तास, किती पाकटं, नर की मादी, आणि चकतीची रुंदी एका पराच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लांबी नको, शेपटी तुटलेली असते. ज्या दिवशी जाळं टाकलं आणि एकही पाकट आलं नाही, तो दिवसही शून्य म्हणून लिहायचाच, कारण गाळलेल्या शून्यांनी सरासरी खोटी चढते. मॅक्वारीत २०१४ आणि २०२१ ची तुलना करता आली ती ठरलेल्या पद्धतीने पुन्हा पुन्हा जाळी लावून प्रत्येक पकड नोंदली म्हणून.